ओट्याखालचा फिल्टर : बसवावा कसा, सांभाळावा कसा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे पाण्याविषयीची पत्रे बरीच असतात. त्यांपैकी एका वाचक भगिनीचे पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. त्या लिहितात, "डॉक्टरसाहेब, आम्ही नवीन घर बांधले आहे. स्वयंपाकघरात ओट्याखाली पाण्याचा फिल्टर बसवायचा आहे. दुकानदार म्हणतो आर.ओ.च घ्या. दीर म्हणतात साधा कँडलचा पुरे. सासूबाई म्हणतात, आमचे सारे आयुष्य माठाच्या पाण्यावर गेले, आम्हाला काय झाले? कुणाचे ऐकावे?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायला मी दोन आठवडे घेतले. कारण या बाबतीत माझ्याच घरात मोठी चूक झाली होती, आणि ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याला सल्ला देणे मला बरे वाटेना. तेव्हा आधी ती हकीकत सांगतो आणि मग फिल्टरकडे वळतो.

डॉक्टरच्या घरातले पाणी

२०२२ सालचा जुलै महिना. आमच्या गावात काविळीचे रुग्ण वाढू लागले होते. दवाखान्यात रोज पिवळे डोळे घेऊन माणसे येत होती. मी प्रत्येकाला पाणी उकळून प्या म्हणून सांगत होतो. माझ्या स्वतःच्या घराची मात्र मला काळजी नव्हती. आमच्या ओट्याखाली चांगला फिल्टर होता. गाळ अडवणारी कँडल, तिच्यापुढे कार्बनची कँडल आणि शेवटी अतिनील किरणांचा दिवा. आल्यागेल्याला मी तो कौतुकाने दाखवत असे.

त्याच वेळी आमच्या सूनबाईंना सातवा महिना चालू होता. एके दिवशी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काका, ह्या बारक्या नळाच्या पाण्याला वास मारतोय." मी पाणी पिऊन पाहिले. मला काही वास आला नाही. "मावशी, फिल्टरचे पाणी आहे ते," असे म्हणून मी विषय संपवला.

पुढे चार दिवसांनी आमच्या भागातील आरोग्य कर्मचारी एच-टू-एसच्या बाटल्या घेऊन आले. ही तपासणी फार सोपी असते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता असते. मी गमतीने चार बाटल्या मागून घेतल्या. एकीत सकाळी आलेले नगरपालिकेच्या नळाचे पाणी भरले, दुसरीत गच्चीवरच्या टाकीचे, तिसरीत फिल्टरचे आणि चौथीत स्वयंपाकघरातल्या छोट्या माठातले. त्या वेळी वीज गेलेली होती, हे लक्षात ठेवा. चारही बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्या मी कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडले तेव्हा फिल्टरची बाटली शाईसारखी काळी झाली होती. टाकीची बाटली त्याच संध्याकाळी काळवंडली. नळाची बाटली शेवटपर्यंत बदलली नाही. माठाचीही नाही.

म्हणजे ज्या पाण्याला मी घरातले सर्वांत शुद्ध पाणी समजत होतो, तेच सर्वांत वाईट निघाले. फिल्टरमध्ये जे पाणी जात होते, त्याहून वाईट पाणी त्यातून बाहेर येत होते.

माझ्या तोंडचे पाणी पळाले. मी आमच्या सौं.ना विचारले, "सूनबाई कुठले पाणी पितात?" त्या शांतपणे म्हणाल्या, "माठातले. महिना झाला, मी तिच्यासाठी रोज नळाचे पाणी उकळून माठात भरते. मावशी म्हणाल्या वास येतो, मलाही यायचा. तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही ऐकले असते का?"

मी काय उत्तर देणार?

काविळीला मी का भ्यालो

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे मुख्य दोन प्रकार आहेत, 'ए' आणि 'ई'. दोन्हींचे विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. बहुतेक माणसे विश्रांतीने व हलक्या आहाराने बरी होतात. परंतु 'ई' काविळीचा एक भयंकर विशेष आहे. गरोदर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर शंभरातल्या वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. आमच्या सूनबाई त्याच काळात होत्या.

हा विषाणू किती फसवा आहे हे १९५५-५६ साली दिल्लीने अनुभवले. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि ते पाणी शुद्धीकरण केंद्रात ओढले गेले. तेथे क्लोरिन टाकण्यात आले होते, त्यामुळे विषमज्वर किंवा आमांश वाढला नाही. पण कावीळ मात्र सुमारे २९ हजार लोकांना झाली. गढूळ, मैलामिश्रित पाण्यात जंतू मेले तरी विषाणू तगून राहिले. ती साथ 'ए' काविळीची असावी असे बरीच वर्षे मानले जात होते. १९८० च्या सुमारास त्या वेळचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने नव्याने तपासले गेले, तेव्हा हा निराळाच विषाणू असल्याचे उघड झाले. या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचाही वाटा होता. आपल्या इकडे २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तीही पाण्यातूनच.

चूक नेमकी कोठे झाली

मी मिस्त्रींना बोलावून फिल्टर उघडला आणि गच्चीवरही चढलो. तीन चुका सापडल्या, आणि तिन्ही माझ्या होत्या.

पहिली चूक टाकीची. तिचे झाकण तडकले होते. आत पारव्याची पिसे होती आणि तळाशी चार बोटे गाळ साचला होता. ओट्याखालच्या फिल्टरवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या मी दोन वर्षांत टाकीत डोकावून पाहिले नव्हते.

दुसरी चूक कार्बनच्या कँडलची. ती वर्षाच्या आत बदलायची असते. मी चौदा महिने बदलली नव्हती. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कार्बन पाण्यातला वास, रंग आणि क्लोरिन शोषून घेतो, म्हणून पाण्याची चव सुधारते. पण क्लोरिन गेला की पाण्याचा राखणदारही गेला. नगरपालिकेने पाण्यात ठेवलेला थोडा क्लोरिन वाटेत शिरणाऱ्या जंतूंना मारण्यासाठीच असतो. कार्बनच्या असंख्य बारीक छिद्रांत सेंद्रिय कण साठतात. ओलावा असतो, अंधार असतो, खाद्य असते आणि क्लोरिन नसतो. जंतूंना याहून चांगले घर कोणते? जुन्या कँडलमध्ये त्यांचा बुळबुळीत थर धरतो आणि तो सुटून पाण्यात येत राहतो.

तिसरी चूक सर्वांत वाईट. जंतूंना मारण्याचे काम शेवटच्या अतिनील दिव्याचे. वीज गेली की दिवा विझतो, म्हणून यंत्रात एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. वीज नसेल तर तो पाणी बंद करतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जायची आणि ऐन जेवणाच्या वेळी पाणी बंद व्हायचे. मीच मिस्त्रींना सांगितले होते, "तो व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडून टाका. लाइट गेली तरी पाणी आले पाहिजे." त्यांनी सांगितले तसे केले. म्हणजे यंत्राने आमच्या रक्षणासाठी घातलेला अडसर मी स्वतःच्या हाताने काढून टाकला होता.

सुदैवाने घरात कुणाला काही झाले नाही. नात सुखरूप जन्मली आणि आता घरभर धावते. पण हे सुदैव माझ्या फिल्टरमुळे लाभले नाही, सौं.च्या उकळत्या पातेल्यामुळे लाभले, हे मी विसरत नाही.

आधी पाणी ओळखा, मग यंत्र घ्या

आता वाचक भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. फिल्टर कोणता घ्यावा हे दुकानदाराने ठरवायचे नाही, ते तुमच्या पाण्याने ठरवायचे. पाण्यात तीन प्रकारचे दोष असतात. एक, डोळ्यांना दिसणारा गाळ. दोन, न दिसणारे जंतू व विषाणू. तीन, पाण्यात विरघळलेले क्षार व रसायने. प्रत्येक दोषावर उपाय निराळा आहे.

भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे मानक ठरवले आहे. त्यानुसार विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजेच टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येते. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि नाइलाज असला तरी १.५ च्या वर नको. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या पुढे अजिबात चालत नाही. विष्ठेतून येणारे ई-कोलाय जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये.

नगरपालिकेचे नदी किंवा धरणाचे पाणी येत असेल, तर त्यात क्षार सहसा कमीच असतात. तेथे मुख्य भीती गाळाची आणि जंतूंची. अशा घराला आर.ओ.ची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली, जेथे टीडीएस ५०० हून कमी आहे तेथे आर.ओ. वापरू नये, असे म्हटले होते. बोअरचे पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी. ते दिसायला काचेसारखे स्वच्छ असले तरी त्यात क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असू शकते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडणे, हाडे व सांधे आखडणे असे विकार आढळले आहेत. रासायनिक खतांमुळे किंवा जवळच्या शोषखड्ड्यामुळे बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढते, आणि ते वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना घातक ठरते.

म्हणून बोअरचे पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्याच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत आणि तेथे माफक शुल्कात तपासणी होते. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना घरच्या बाटलीत नेऊ नका. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली घ्या आणि भरल्यावर ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

विक्रेत्याची जादू

काही विक्रेते घरी येऊन एक प्रयोग दाखवतात. दोन ग्लासांत पाणी घेतात, एकात तुमच्या नळाचे, दुसऱ्यात आर.ओ.चे. दोन्हींत विजेच्या सळया बुडवतात. थोड्या वेळात तुमचे पाणी तांबडे-काळे होऊन वर घाण तरंगू लागते. आर.ओ.चे पाणी तसेच राहते. बघणाऱ्या गृहिणीच्या पोटात गोळा येतो.

वाचकहो, ती घाण तुमच्या पाण्यातली नसते. ती त्या लोखंडी सळईची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचा गंज तयार होतो. आर.ओ.च्या पाण्यात क्षार फार कमी असल्याने वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. त्या आर.ओ.च्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा. तेही पाणी तसेच काळे होईल.

टीडीएस मोजण्याच्या छोट्या मीटरचेही तसेच. तो फक्त क्षार दाखवतो. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम मीठ घातले तर आकडा सुमारे १,००० ने वाढतो, आणि त्या मिठाने कुणी आजारी पडत नाही. उलट काविळीचे विषाणू असलेले पाणी मीटरवर उत्तम दिसू शकते. मीटरला जंतू दिसत नाहीत.

कोणता भाग काय करतो

गाळाची कँडल साधारण ५ मायक्रॉनची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही कँडल माती व गंज अडवते. पण जंतू एक-दोन मायक्रॉनचे असतात आणि काविळीचा विषाणू तर मायक्रॉनच्या सुमारे तीन-शतांशाएवढा असतो. तो या कँडलमधून मोकळ्या मैदानातून जावा तसा जातो. पाणी स्वच्छ दिसले म्हणजे शुद्ध झाले असे नव्हे, ते यासाठी. तुरटीचेही काम गाळ बसवण्याएवढेच आहे.

कार्बनची कँडल वास, चव आणि क्लोरिन काढते. ती जंतू मारत नाही.

अतिनील दिवा जंतू व विषाणू निकामी करतो. मात्र पाणी नितळ हवे. गढूळ पाण्यात मातीच्या कणांच्या सावलीत जंतू लपून राहतात. शिवाय या दिव्याची शक्ती साधारण वर्षभरात घटते. तो निळा प्रकाश देत राहतो, पण त्यात आवश्यक ते किरण पुरेसे उरत नाहीत. म्हणून 'पेटतोय ना' एवढे पाहून थांबू नये.

यू.एफ. म्हणजे बारीक नळ्यांची चाळणी. तिची छिद्रे सुमारे ०.०१ मायक्रॉनची असतात. ती जंतू आणि बहुतेक विषाणू अडवते आणि तिला वीज लागत नाही. वारंवार वीज जाणाऱ्या गावात ही मोठी सोय आहे. क्षार मात्र ती काढत नाही.

आर.ओ.चा पडदा क्षार, फ्लोराइड, नायट्रेट कमी करतो. पण लिटरभर शुद्ध पाणी देताना बरीच घरगुती यंत्रे दोन-तीन लिटर पाणी वाया घालवतात. ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला व संडासला वापरावे. ते खारट असल्याने कुंड्यांना रोज घालू नये.

थोडक्यात, नगरपालिकेचे पाणी असेल तर गाळाची कँडल, कार्बन आणि यू.एफ. किंवा अतिनील दिवा एवढे पुरे. तपासणीत क्षार, फ्लोराइड वा नायट्रेट जास्त निघाले तरच आर.ओ.

बसवताना

फिल्टर मिस्त्रींकडून बसवला तरी घरातल्या एकाने शेजारी उभे राहून पाहावे. पुढे कँडल आपल्यालाच बदलायची असते.

१. आधी टाकी धुऊन घ्या आणि झाकण घट्ट बसवा. घाण टाकीखाली नवा फिल्टर म्हणजे न धुतलेल्या पातेल्यात ताजे दूध.

२. ओट्याखाली थंड पाण्याच्या पाइपवर अँगल कॉक असतो. तो बंद करून तेथे 'टी' जोडतात. सोलरच्या गरम पाण्याची लाइन चुकूनही घेऊ नये. गरम पाण्याने कँडल आणि यू.एफ.च्या नळ्या खराब होतात.

३. फिल्टरसाठी स्वतंत्र छोटा कॉक बसवायला सांगा. कँडल बदलताना घरभराचे पाणी बंद करावे लागत नाही.

४. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटून गोळा होते आणि गळती लागते.

५. पाव इंची पाइप धारदार पात्याने अगदी काटकोनात कापावा. तिरका कापलेला पाइप कनेक्टरमध्ये पूर्ण बसत नाही. आत ढकलल्यावर एकदा ओढून पाहावे.

६. पाण्याचा दाब पाहा. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा दाब सुमारे एक किलो मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी तीन मीटरच उंच असते, म्हणजे दाब ०.३ किलोच्या आसपास. यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेला किमान दाब याहून जास्त असेल तर छोटा पंप लागेल. हे विकत घेण्यापूर्वीच विचारा.

७. विजेचा प्लग तीन पिनांचा, अर्थिंगचा असावा आणि सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपखाली कधीही नसावा. वर गळती झाली तर पाणी थेट त्यावर पडते.

८. आर.ओ. असेल तर वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीचे तोंड मोरीच्या पाइपात खुपसू नये. दोन बोटे वर मोकळे ठेवावे. पाइप तुंबला तर घाण पाणी नळीतून उलटे येण्याची भीती राहत नाही.

९. सुरुवातीचे पाणी पिऊ नये. नव्या कार्बनमधून काळी भुकटी येते. पुस्तिकेत सांगितले असेल तेवढे, आणि पाणी नितळ होईपर्यंत, सोडून द्यावे. भांडी धुवायला ते चालते.

१०. पहिले चार दिवस यंत्राखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. एक थेंब गळला तरी कागदावर डाग दिसतो. या दैनिकाचा जुना अंक या कामी आला तर आमची हरकत नाही!

सांभाळताना

फिल्टर घेताना माणसे खूप चौकशी करतात आणि घेतल्यावर विसरतात. माझेही तेच झाले. आता मी पुढील गोष्टी पाळतो.

कँडल बसवली त्या दिवसाची तारीख मी तिच्यावरच मार्करने लिहितो आणि बदलायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर. कंपनीने सांगितलेली मुदत ही जास्तीत जास्त मुदत समजावी. पावसाळ्यात गढूळ पाणी आले तर गाळाची कँडल दोन-तीन महिन्यांतच तपकिरी होते आणि नळाची धार बारीक होते. तेव्हा मुदतीची वाट पाहू नये.

रोज सकाळी फिल्टरचा नळ अर्धा ते एक मिनिट सोडून ते पाणी भांड्यांच्या बादलीत धरावे. रात्रभर नळीत थांबलेले पाणी पिऊ नये. सुट्टीत आठ-दहा दिवस गावाला गेला असाल, तर परत आल्यावर पाच मिनिटे पाणी सोडावे, आणि महिनाभर यंत्र बंद असेल तर कँडल बदललेली बरी.

कँडल बदलताना प्रथम हात साबणाने धुवावेत. बाहेरचे भांडे ब्रशने घासावे. मग पाच लिटर पाण्यात पाच टक्क्यांचे क्लोरिन द्रावण एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, मिसळून भांडे त्यात पंधरा मिनिटे ठेवावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. रबरी वायसर कोरडा असेल तर त्याला व्हॅसलिन किंवा खोबरेल लावू नका, रबर फुगते. त्यासाठी सिलिकॉनचे ग्रीस मिळते.

नळाचे तोंड विसरू नका. खरकट्या हाताने, फडक्याने तोच नळ दिवसातून पन्नासदा हाताळला जातो. आठवड्यातून एकदा तो घासून धुवावा. शुद्ध पाणी ज्या हंड्यात भरायचे तो झाकलेला असावा आणि पाणी ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे. ग्लास बुडवला की सगळा खटाटोप फुकट.

टाकी निदान सहा महिन्यांनी धुवावी. पाण्याची शंका असेल तर १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवून दहा मिनिटे बसू द्यावी, चुना तळाशी राहू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतावी आणि तासाभराने पाणी वापरावे.

आणि यंत्रात जो व्हॉल्व्ह, जो दिवा, जी शिट्टी दिली आहे ती काढू नका. माझ्यासारखे शहाणपण कुणी करू नये.

उकळण्याला पर्याय आहे का?

साथ असेल, फिल्टर बंद पडला असेल, वीज नसेल, किंवा घरात गरोदर स्त्री वा लहान बाळ असेल आणि पाण्याची शंका वाटत असेल, तर सरळ पाणी उकळा. वीस मिनिटे उकळण्याची गरज नाही, त्यात गॅस फुकट जातो. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. त्याच भांड्यात झाकून थंड करावे. मात्र उकळल्याने क्षार, फ्लोराइड, नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटल्याने थोडे वाढतात. म्हणून बोअरच्या दोषावर उकळणे हा उपाय नव्हे.

फिल्टर असूनही घरात दोघातिघांना एकदम जुलाब लागले, तर फिल्टरवर आधी संशय घ्या. त्याचे पाणी बंद करा, उकळलेले पाणी सुरू करा, रुग्णाला जलसंजीवनी द्या आणि डॉक्टरांकडे जा. लघवी गडद पिवळी होणे, भूक मरणे, मळमळ आणि डोळे पिवळे दिसणे ही काविळीची लक्षणे आहेत. गरोदर स्त्रीत यांपैकी एकही दिसले तर झाडपाल्याचे औषध वा मंत्र यांत एक दिवसही न घालवता रुग्णालय गाठावे.

आता भगिनींना उत्तर. तुमचे पाणी नगरपालिकेचे असेल तर आर.ओ. घेऊ नका. दिरांची साधी कँडल काविळीपुढे अपुरी आहे. यू.एफ. असलेला साधा फिल्टर घ्या, आणि वाचलेल्या पैशांत टाकीला नवे झाकण बसवा. सासूबाईंचा माठ मात्र काढू नका. फिल्टरचे पाणी त्यातच भरा, झाकण ठेवा, तोटी बसवा. आमच्या घरी आजही तसेच आहे. आणि घरातले कुणी, मग ते भांडी घासणाऱ्या मावशी का असेनात, 'पाण्याला वास येतो' म्हणाले, तर त्यांचे ऐका.

(पुढील आठवड्यात : तान्ह्या बाळाचे जुलाब आणि जलसंजीवनी)